एकाच ठिकाणीं थांबावें : सी भाषेंतील घटनाचक्राचा परिचय



आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें गांव तेथील प्राचीन देवालयामुळें दूरवर प्रसिद्ध आहे. आतां त्याच परिसरांत गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्याचें काम हातीं घेण्यांत आलें आहे. इ. स. २०१६ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १७ तारखेस केंद्रीय मंत्रिमंडळानें या योजनेस तत्त्वतः मान्यता दिली. २०२३ च्या एप्रिलमध्यें सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. आणि त्याच वर्षीं मे महिन्याच्या ११ तारखेस पायाभरणीचा समारंभ झाला.

अमेरिकेंतील हॅन्फर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांप्रमाणें हिच्याही दोन भुजा एकमेकींशीं काटकोन करून असावयाच्या असून प्रत्येक भुजेची लांबी ४ किलोमीटर योजिली आहे. या भुजा म्हणजे पोलादी नळ्या. त्यांतून लेसरचा किरण जातो आणि आरशावरून परत फिरतो. अतिदूर अंतरावर दोन कृष्णविवरें एकमेकांत मिसळलीं म्हणजे अवकाशांत जी लहर उठते, तिच्या योगानें या भुजांच्या लांबींत फरक पडतो. परंतु तो इतका सूक्ष्म कीं, प्रोटॉनच्या व्यासाचा हजारावा हिस्सा, एवढेंच त्याचें माप. हा फरक ओळखावयाचा तर नळींत हवा राहूं देऊन चालत नाहीं. अमेरिकेंतील वेधशाळेच्या नळ्यांतील हवा काढून टाकण्यास सुमारें ४० दिवस लागले, आणि आंतील दाब वातावरणाच्या दाबाच्या लक्ष-कोट्यांश इतका खालीं आणावा लागला.

चाळीस दिवसांची ही मेहनत एक झडप वेळेवर न मिटल्यास वाया जाऊं शकते. म्हणून दाबमापकें, उष्णतामापकें, पंप, झडपा व आरसे यांवर रात्रंदिवस पाळत ठेवावी लागते. अशा वेधशाळेंतील नोंदींचे प्रवाह लाखांनीं मोजावे लागतात. प्रत्येकापाशीं एक मनुष्य बसविणें शक्य नाहीं. तें काम संगणकाकडे सोंपवावें लागतें. तेव्हां साहजिकच प्रश्न उद्भवतो कीं, एकच आज्ञावली इतक्या ठिकाणीं लक्ष तरी कसें ठेविते? त्याचें उत्तर सी भाषेच्या आधारानें देण्याचें या लेखांत योजिलें आहे. ज्यांस या भाषेंतील फंक्शन व पॉइंटर यांची ओळख झाली आहे, त्यांस पुढील विवेचन समजण्यास अडचण पडूं नये.

वाट पाहण्याची अडचण

सी ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली. तिच्यांतील आज्ञा एकामागून एक अशा ओळीनें पाळल्या जातात. आतां ‘रीड’ हें फंक्शन घ्या. ‘दाबमापकाकडून आलेला आंकडा वाच,’ अशी आज्ञा दिली, परंतु आंकडा अद्याप आलाच नसला, तर काय होतें? आज्ञावली त्याच ओळीवर थांबते. कर्नेल, म्हणजे संगणकाच्या सर्व कारभाराचा गाभा, तिला निजवून ठेवितो आणि आंकडा येईल तेव्हांच जागी करितो. एकाच मापकाचें काम असेल तर यांत कांहींच वावगें नाहीं.

समजा, मापकें तीन आहेत. विचारल्यापासून उत्तर देण्यास पहिल्यास २ सेकंद, दुसऱ्यास १ सेकंद व तिसऱ्यास ३ सेकंद लागतात. पहिल्यास विचारून त्याचें उत्तर घेतलें, मग दुसऱ्याकडे व मग तिसऱ्याकडे गेलों, तर एक फेरी पुरी होण्यास ६ सेकंद लागतील. या ६ सेकंदांत संगणकाचें खरें काम निमिषमात्राचें. बाकी सारा काळ वाट पाहण्यांत गेला. उलट, तिघांसही आरंभींच विचारून ठेविलें आणि ज्याचें उत्तर आधीं येईल तें आधीं घेतलें, तर सर्व काम ३ सेकंदांत आटोपतें, कारण तिन्ही वाटा एकाच काळांत पाहिल्या जातात. येथें संगणकाचा वेग मुळींच वाढलेला नाहीं. केवळ वाट पाहण्याची रीत बदलली.

वेळेची ही हानि एक वेळ सोसतां येईल. दुसरें संकट त्याहून मोठें आहे. पहिल्या मापकाची तार तुटली, तर त्याचें उत्तर कधींच येणार नाहीं. आज्ञावली त्याच्या दाराशीं निजून राहील, आणि तिसरें मापक दाब वाढल्याची वर्दी देत असतांही ती कोणाच्या कानीं पडणार नाहीं.

दोन अपुरे उपाय

पहिला उपाय असा सुचतो कीं, कोणाच्याही दाराशीं न निजतां सर्वांस पुनःपुन्हां विचारीत फिरावें : ‘आलें का? आलें का?’ सी भाषेंत असें करितां येतें. परंतु त्यांत प्रोसेसर क्षणभरही विसांवा न घेतां राबतो आणि बहुतेक वेळां ‘नाहीं’ एवढेंच ऐकतो. वीज जळते व काम होत नाहीं.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक मापकासाठीं एक निराळा थ्रेड, म्हणजे आज्ञावलीचा स्वतंत्र धागा, चालविणें. तीन मापकांस हा उपाय शोभतो. परंतु प्रत्येक थ्रेडास स्वतःची मेमरी लागते, आणि एकावरून दुसऱ्यावर जाण्यास कर्नेलाचा वेळ खर्ची पडतो. शिवाय दोन थ्रेडांनीं एकाच आंकड्यास एकाच क्षणीं हात घातला, तर घोटाळा होतो. तो टाळण्यासाठीं कुलुपें घालावीं लागतात, आणि कुलुपें वाढलीं कीं कोण कोणासाठीं अडून बसला आहे हें शोधणें कठीण होतें. १९९९ मध्यें डॅन केगेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें हाच प्रश्न जगापुढें मांडिला होता : एका संगणकानें एकाच वेळीं १०,००० ग्राहकांची सेवा कशी करावी?

कर्नेलाची मदत

हळदीच्या हंगामांत आपल्या जिल्ह्यांतील शेतांवर हळद शिजविण्याचें काम चाललेलें तुम्हीं पाहिलें असेल. समजा, चार चुलींवर चार कढया चढविल्या आहेत आणि जाणता मनुष्य एकच आहे. तो पहिली कढई शिजेपर्यंत तिच्यापाशीं खिळून राहत नाहीं, कीं चारी कढयांभोंवतीं विनाकारण धांवतही सुटत नाहीं. जेथून चारी दिसतील अशा जागीं तो बसतो. ज्या कढईवर फेस येऊन वाफ सुटते तिच्याकडे जातो, तिचें काम उरकतो आणि पुन्हां आपल्या जागीं येऊन बसतो.

अशी बसण्याची जागा कर्नेलानें आज्ञावलीस दिली आहे. १९८३ मध्यें बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सच्या ४.२ या आवृत्तींत ‘सिलेक्ट’ नांवाची सोय आली. ‘या इतक्या जोडण्यांपैकीं कोणतीही एक तयार झाली कीं मला उठीव,’ असें तिच्या द्वारें कर्नेलास सांगतां येतें. परंतु सिलेक्टमध्यें दोन उणीवा होत्या. सर्व यादी दर वेळीं नव्यानें द्यावी लागे, आणि जाग आल्यावर कोण तयार आहे हें पाहण्यास ती सारी पुन्हां चाळावी लागे. शिवाय या यादीची मर्यादा सामान्यतः १,०२४ इतकीच असते. पुढें फ्रीबीएसडीमध्यें २००० साली ‘केक्यू’ व लिनक्समध्यें २००२ साली ‘एपोल’ या सोयी आल्या. यांत नांवें एकदांच नोंदवावयाचीं, आणि जाग आल्यावर जे तयार आहेत तेवढ्यांचीच यादी हातीं पडते. दहा हजारांपैकीं तिघेच तयार असतील, तर तिघांचींच नांवें मिळतात.

या सोयीभोंवतीं जें चक्र बांधतात त्यास ‘इव्हेंट लूप’ किंवा घटनाचक्र म्हणतात. त्याचे टप्पे तीन : निजणें, जाग आल्यावर कोणती घटना घडली तें पाहणें, तिच्यासाठीं नेमलेलें फंक्शन चालविणें. हे झाले कीं पुन्हां निजणें. घटना घडल्यावर चालवावयाच्या या फंक्शनास ‘कॉलबॅक’ असें नांव आहे. साऱ्या विषयाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर असें : थांबावयाचें तें एकाच ठिकाणीं, सर्वांसाठीं मिळून थांबावें, इतरत्र कोठेंही थांबूं नये.

लायब्ररीचा उपयोग

हें चक्र स्वतः लिहितां येतें. परंतु लिनक्सची रीत एक, मॅकची दुसरी आणि विंडोजची तिसरीच. एपोल सांगतो, ‘आतां वाचावयास हरकत नाहीं’. विंडोजची सोय सांगते, ‘तुम्हीं सांगितलेलें वाचन पुरें झालें.’ हे भेद झांकून सर्वत्र एकच रीत देण्यासाठीं तयार फंक्शनांचे संग्रह, म्हणजे लायब्रऱ्या, निघाल्या आहेत. नील्स प्रोव्होस यांची ‘लिबइव्हेंट’ व मार्क लेहमान यांची ‘लिबेव्ह’ या त्यांपैकीं जुन्या होत. रायन डाल यांनीं २००९ मध्यें ‘नोड’ ही प्रणाली लोकांपुढें ठेविली. तिच्या गरजेतून ‘लिबयूव्ही’ ही लायब्ररी जन्मास आली. ती मोफत मिळते व साध्या संगणकावरही चालते. तिची वापरण्याची रीत पुढीलप्रमाणें आहे.

प्रथम ‘यूव्ही डिफॉल्ट लूप’ या फंक्शनानें एक चक्र मिळवावें. नंतर ज्या ज्या वस्तूवर लक्ष ठेवावयाचें तिच्यासाठीं एक ‘हँडल’ सिद्ध करावें. घड्याळाचें हँडल हवें असल्यास ‘यूव्ही टायमर इनिट’ म्हणावें, व मग ‘यूव्ही टायमर स्टार्ट’ या फंक्शनास चार गोष्टी द्याव्या : हँडल, कॉलबॅक, पहिल्या हांकेपर्यंतचा अवधि आणि पुढील हांकांमधील अंतर. दोन्ही काळ मिलिसेकंदांत सांगावयाचे. दर सेकंदास हांक हवी असेल तर १,००० लिहावें.

दूरच्या मापकाशीं जोडणी करावयाची तर ‘यूव्ही टीसीपी कनेक्ट’ वापरावें. जोडणी झाल्याची वर्दी देणाऱ्या कॉलबॅकमध्यें ‘यूव्ही रीड स्टार्ट’ म्हणावें व त्यास दोन फंक्शनें द्यावीं. त्यांतील पहिलें येणाऱ्या अक्षरांसाठीं जागा देतें. दुसरें अक्षरें आल्यावर चालतें, आणि किती अक्षरें आलीं तें त्यास संख्येनें कळतें. ही संख्या ऋण असली तर जोडणी संपली किंवा कांहीं चूक झाली असें समजावें. तुटलेल्या तारेचें उत्तर मात्र येथेंही आपोआप मिळत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक प्रश्नासोबत एक घड्याळ लावावें, आणि ठरल्या अवधींत उत्तर न आल्यास घड्याळाच्या कॉलबॅकनें तशी वर्दी द्यावी.

सर्व तयारी झाल्यावर शेवटीं ‘यूव्ही रन’ म्हणावें. हीच ती बसण्याची जागा. किती वेळ निजावें हें लायब्ररी सर्वांत जवळच्या घड्याळावरून ठरविते, आणि एकही चालू हँडल उरलें नाहीं म्हणजे ‘यूव्ही रन’ आपण होऊन परत येतें.

नवशिका विद्यार्थी येथें एका गोष्टींत हटकून फसतो. ‘यूव्ही रीड स्टार्ट’ या ओळीनंतर लगेच तो आंकडा छापावयास जातो, आणि कागदावर भलतेंच कांहीं उमटतें. वाचनाची ती ओळ वाचीत नाहीं. ‘आल्यावर वाच’ असा निरोप मात्र ठेवून जाते. ओळींचा कागदावरील क्रम आणि घटनांचा काळांतील क्रम हे येथें निराळे होतात. ज्यास हा भेद उमजला त्यास अर्धा विषय आला.

तीन नियम

पहिला नियम : कॉलबॅक अल्पकाळांत संपवावें. चक्रास हात एकच असल्यामुळें एका कॉलबॅकनें ५ सेकंद गणित केलें, तर बाकीच्या सर्व मापकांस ५ सेकंद तिष्ठत राहावें लागतें. तें गणित १०० तुकड्यांत वांटून प्रत्येक फेरींत एकच तुकडा केला, तर कोणासही एका वेळीं ५० मिलिसेकंदांहून अधिक अडावें लागत नाहीं. तसेंच ‘स्लीप’सारखें थांबणारें फंक्शन कॉलबॅकमध्यें कदापि घालूं नये.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांतील दहा कुमारींचा दृष्टान्त तुम्हांस ठाऊकच आहे. त्यांत वराला विलंब लागल्यामुळें दहाही जणी झोंपीं गेल्या. तरी निजल्याबद्दल कोणाही एकीस दोष दिलेला नाहीं. पांचजणींपाशीं तेल भरून ठेविलेलें होतें, म्हणून हांक येतांच त्या उठल्या व निघाल्या. उरलेल्या पांच हांक आल्यावर तेल विकत आणावयास गेल्या, आणि तोंवर दार बंद झालें. दृष्टान्ताचा आध्यात्मिक अर्थ याहून फार खोल आहे; तथापि आपल्या विषयास त्यांतून एवढा बोध घेतां येतो कीं, हांक येईपर्यंत निजण्यास हरकत नाहीं, परंतु हांक आल्यावर थांबावें लागेल असें काम मागें ठेवूं नये.

दुसरा नियम मेमरीचा आहे. सी भाषेंत फंक्शनाच्या आंत जाहीर केलेले व्हेरिएबल तें फंक्शन संपतांच नाहींसे होतात. घटनाचक्रांत तर निरोप ठेवून फंक्शन लगेच संपतें, आणि कॉलबॅक पुढें केव्हां तरी चालतें. मधल्या काळांत टिकावी अशी प्रत्येक गोष्ट ‘मॅलॉक’नें वेगळी जागा मागून तेथें ठेवावी, आणि तिचा पत्ता हँडलमधील ‘डेटा’ या पॉइंटरांत नोंदवावा. असें न केल्यास कॉलबॅक नष्ट झालेल्या जागेवर वाचूं लागतें. ही चूक विशेष फसवी आहे, कारण ती कधीं कधीं आठ दिवस दडून राहते व नवव्या दिवशीं प्रगट होते.

तिसरा नियम निरोप घेण्याचा. काम संपलें म्हणून हँडलची जागा लगेच ‘फ्री’ करूं नये. प्रथम ‘यूव्ही क्लोज’ म्हणावें. चक्र आपल्या नोंदी पुसून बंद झाल्याची वर्दी देतें, आणि त्या वर्दीच्या कॉलबॅकमध्येंच जागा मोकळी करावी.

डिस्कवरील साध्या फाइली हा या पद्धतीस एक अपवाद आहे. एपोलच्या सोयीनें त्यांची वाट पाहतां येत नाहीं. म्हणून लिबयूव्ही फाइलींचें वाचन पडद्याआड कांहीं थ्रेडांकडे सोंपविते व काम झाल्याची वर्दी चक्रांत आणून देते. हे थ्रेड नेहमींच्या मांडणींत चार असतात. थ्रेड व घटनाचक्र यांत वैर नाहीं. दोहोंचीं स्थानें निराळीं आहेत, एवढेंच.

वेधशाळेंत याचा उपयोग

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अमेरिकेंतील लायगो वेधशाळांत सावकाश चालणाऱ्या यंत्रांच्या देखरेखीसाठीं ‘एपिक्स’ नांवाची प्रणाली वापरतात. लॉस अलामॉस व आरगॉन या प्रयोगशाळांत तिचा पाया घातला गेला, आणि तिचा गाभा सी व सी-प्लस-प्लस या भाषांत आहे. तींत प्रत्येक मापाला एक नांव असतें. ज्या आज्ञावलीस तें माप हवें असेल ती आपलें कॉलबॅक नोंदविते, आणि ठरविलेल्या प्रमाणाहून अधिक बदल झाला तरच तिला वर्दी मिळते. दाब स्थिर असतांना व्यर्थ निरोपांची वर्दळ होत नाहीं.

एपिक्सच्या सी लायब्ररींत थांबण्याचें फंक्शन ‘सीए पेंड इव्हेंट’ या नांवाचें आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हें फंक्शन एखाद्या कॉलबॅकच्या आंत वापरूं गेल्यास लायब्ररी तें नाकारते आणि चुकीचा संकेत परत करिते. आपण वर जो नियम सांगितला, तो तिच्या कर्त्यांनीं विद्यार्थ्याच्या सद्बुद्धीवर न सोडतां लायब्ररींतच गोंवून ठेविला आहे.

तथापि घटनाचक्र सर्वत्र चालतें असें समजूं नये. आरसे जागच्या जागीं स्थिर राखण्याचें काम अतिशय त्वरेचें आहे. लायगोच्या मुख्य संकेताचे नमुने दर सेकंदास १६,३८४ वेळां घेतात. तेथें ‘घटना घडली कीं पाहूं’ ही रीत पुरत नाहीं. त्या कामासाठीं स्वतंत्र संगणक घड्याळाच्या ठोक्याशीं बांधलेले असतात, आणि प्रत्येक ठोक्याचें गणित पुढचा ठोका पडण्यापूर्वीं संपलेंच पाहिजे असा दंडक असतो. जेथें घटना केव्हां घडेल हें ठाऊक नाहीं तेथें घटनाचक्र, आणि जेथें क्षण ठरलेला आहे तेथें घड्याळ, हा विवेक असावा.

आपलें कर्तव्य

औंढ्याची वेधशाळा पुणें येथील आयुका, इंदूर येथील राजा रामण्णा केंद्र, गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा खात्याची मुंबईची बांधकाम शाखा यांच्या सहकार्यानें उभी राहत आहे. ती चालूं लागल्यावर तिच्या नियंत्रण-कक्षांत कोणी तरी बसेलच. तें आसन आपल्या जिल्ह्यांतील मुलामुलींस मिळेल, कीं त्यांस फाटकावरच उभें राहावें लागेल, हें पुष्कळ अंशीं आजच्या अभ्यासावर अवलंबून आहे. वेधशाळा जवळ झाली म्हणून तिची विद्या आपोआप जवळ येत नाहीं. परंतु वर सांगितलेली विद्या मोठ्या शहरांतच मिळते असेंही नाहीं. शाळेंतील एक जुना संगणक, एक मोफत लायब्ररी आणि चिकाटी एवढ्यावर ती साध्य होते.

म्हणून पुढील प्रश्न स्वतः सोडवून पाहावे :

१. चार मापकें अनुक्रमें ४, २, ५ व १ सेकंदांत उत्तर देतात. एकामागून एक विचारल्यास एका फेरीस किती वेळ लागेल? घटनाचक्रानें किती?

२. दर सेकंदास एक अंक छापणारें घड्याळ लिबयूव्हीच्या साहाय्यानें लिहा. १० अंक झाल्यावर तें बंद करा, आणि ‘यूव्ही रन’ आपण होऊन परत येतें कीं नाहीं तें पाहा.

३. त्याच आज्ञावलींत दुसरें घड्याळ घालून त्याच्या कॉलबॅकमध्यें ३ सेकंदांची ‘स्लीप’ मुद्दाम लिहा. पहिल्या घड्याळाचे अंक कसे अडखळतात याचें टिपण ठेवा. पहिला नियम त्यामुळें जितका ठसेल तितका तो शंभर वेळां वाचून ठसणार नाहीं.